सव्वा ओंजळ रोट

देवीला पाण्यात सोडून पिठाची डेग डोक्यावर घेऊन पळणारी बाई तुम्ही कधी पाहिली नसेल. मी पाहिली. माझीच सून ती, सुंदर, असोद्याची. लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि त्या आठ वर्षांत मी जे जे सांगितलं त्यातलं निम्मं तिनं ऐकून सोडून दिलं. उलटून बोलत नाही, खोटं कशाला सांगू. पण न बोलता आपलंच खरं करणारी सून बोलणाऱ्या सुनेपेक्षा वाईट. बोलणारीशी निदान भांडता तरी येतं.

तिचे हात मोठे आहेत. असोद्याला केळीच्या बागेत वाढली, घड खांद्यावर वाहिलेले हात ते. तिची ओंजळ म्हणजे माझ्या दीड ओंजळी. जात्यावर दाणे घालायचे असोत की गड्यांना वाढायचं असो, तिचा हात आखडायचं नाव घेत नाही. म्हणून मी तिला धान्य मोजायला कधी बसवलं नाही. "घर बुडवशील एक दिवस," असं मी तिला येता-जाता म्हणायची. घर बुडालं, पण ते तिच्या हातानं नव्हे. अंजनी नदीनं बुडवलं.

आम्ही त्या सालाला पुराचं साल म्हणतो. मास्तर एकोणीसशे अठ्ठावीस म्हणतात. एरंडोलच्या खालच्या अंगाला, नदीच्या वाकणावर आमचं गाव. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. ज्याला खानदेश माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. चौरंगाला केळीचे खांब लावायचे, वर नारळ ठेवायचा, त्याला लुगडं नेसवायचं, नथ घालायची, ती आमची कानबाई. रविवारी बसते, सोमवारी सकाळी नदीवर जाते. आमच्या घरचा नारळ नवा नव्हता. माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळेपासून तोच. नदीवर न्यायचा, पाण्यात बुडवायचा आणि परत आणून कापडात गुंडाळून ठेवायचा. वाळून दगडासारखा झाला होता. घरातली थोरली बाई तो सांभाळते. सासूनं माझ्या ओटीत घातला तेव्हा मी बावीस वर्षांची होते.

आणि रोट. घराण्यात जेवढी माणसं, तेवढ्यांच्या नावानं माणशी सव्वा ओंजळ गहू मोजायचे, घरीच दळायचे आणि त्या पिठाचे रोट करायचे. पुनवेच्या आत ते संपले पाहिजेत. खायचे फक्त आपल्या भाऊबंदांनी. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा त्यातला तुकडा मिळत नाही. उरला तर खड्डा खणून पुरायचा, पण बाहेर द्यायचा नाही. प्रत्येकाकडे थोडं वेगळं असेल, आमच्याकडे असं. आमची भाऊबंदकी तेहतीस माणसांची. त्यातले माझे दीर गिरधर आणि त्यांची मुलं-सुना एरंडोलला असतात. गहू मी मोजले, माझ्या ओंजळीनं.

त्या रविवारी आमच्या गावावर ढगसुद्धा नव्हता. चांगलं ऊन पडलं होतं. पाऊस वर, डोंगराकडे पडत होता, आम्हाला काय ठाऊक. मी चौरंगासमोर बसून देवीच्या नथीचा फासा नीट करत होते. माझा मुलगा अभिमन केळीचे खांब सुतळीनं घट्ट करत होता. सुंदर चुलीपाशी. रोटाचं पीठ पितळी डेगेत भरून झाकण लावून ठेवलं होतं. तेवढ्यात गावच्या जागल्याची, वना भिल्लाची, हाक आली.

"नदी ऊनी! नदी ऊनी व माय! टेकाडवर चला!"

वनाला मी जन्मभर आळशी म्हणत आले. दिवसा झोपतो, रात्री पेंगतो, पगार मात्र जागायचा घेतो. त्या दिवशी तो आळशी माणूस खालच्या आळीपासून वरच्या आळीपर्यंत तीनदा धावला. ज्यांनी दार उघडलं नाही त्यांच्या दारावर काठी मारली. आमच्या गावात त्या पुरात एकही माणूस गेलं नाही, ते वनामुळे. गुरं गेली, माणूस नाही. आता तो दिवसा झोपला तर मी कोंबड्यांनासुद्धा हाकलून देते, त्याची झोप मोडू नये म्हणून.

पाणी गल्लीत शिरलं ते तपकिरी, फेसाळ. त्यात बाभळीचं अख्खं झाड उभंच्या उभं चाललं होतं. माझे गुडघे तेव्हाच गेलेले. अभिमननं मला पोत्यासारखी पाठीवर घेतली. उंबऱ्यातून निघताना मी मागे वळून ओरडले, "सुंदर, देवी घे! देवी घे आधी!"

सुंदरच्या कडेवर कमल होती, आमची नात, दोन वर्षांची. एक हात मोकळा. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिनं देवीकडे पाहिलं. नमस्काराला दुसरा हात नव्हता म्हणून मान वाकवली. आणि वळून पिठाची डेग उचलून डोक्यावर घेतली.

गावात उंच जागा एकच, पिराचं टेकाड. वर दर्गा, दर्ग्याशेजारी जहांगीर पिंजाऱ्याचं घर. कापूस पिंजतो, गाद्या भरतो. त्याची बायको अकबरी. त्या दोघांच्या अंगणात संध्याकाळपर्यंत शंभरावर माणसं जमली. कोणी कोंबडी उचलून आणली होती, कोणी नुसता कंदील. आमच्या शेजारची भिकुबाई आपलं जातं सोडून आले म्हणून रडत होती. मी म्हटलं, "जातं वाहून जात नाही, भिकू, चिखलात सापडेल. माझी देवी गेली." त्यावर ती रडायची थांबली. दुसऱ्याचं मोठं दुःख ऐकलं की तिला बरं वाटतं, हा तिचा जुना स्वभाव.

सोमवार उजाडला तरी टेकाडाच्या चारी बाजूंना पाणीच. दरवर्षी त्या वेळेला मी देवीला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर जायची. नदीच येऊन तिला घेऊन गेली होती. मी दर्ग्याच्या भिंतीला टेकून बसले होते. तेवढ्यात धुराचा वास आला. पाहते तर सुंदर अकबरीच्या चुलीपुढे बसून परातीत पीठ मळते आहे. पीठ कोणतं, ते सांगायला नको. अकबरीनं घरातल्या कपाशीच्या कोरड्या पऱ्हाट्या काढल्या होत्या, तवा तिचा, मीठ तिचं.

मी उठले. गुडघे विसरून उठले.

"काय चाललंय?"

"रोट करते, आत्याबाई."

"कोणासाठी?"

"कमल रडते आहे."

"मग कमलपुरता कर."

"ती एकटी कशी खाईल? चाळीस पोरं तिच्या तोंडाकडे बघत बसलीत."

"रोट बाहेर जात नाही! आठ वर्षं काय गवत चारलं का मी तुला? आणि तवा कोणाचा, चूल कोणाची?"

अकबरी उठून बाजूला झाली. म्हणाली, "अक्का, तुम्हाला नको असेल तर राहू द्या. माझ्याकडे ज्वारी आहे पायलीभर. ती उकडते सगळ्यांना."

सुंदर म्हणाली, "भाबी, तीही लागेल. मोठं पातेलं दे." आणि थापतच राहिली.

तेवढ्यात भिकुबाई पुढे. म्हणाली, "मंजुळे, तुझी देवी कोपायची ती कोपली. आता आणखी काय कोपेल? मला एक दे ग सुंदर, कडेचा दे, जरा करपलेला." आणि तिथेच उभी राहून खाऊ लागली. खाताना बोट चाटलं. मला दाखवून चाटलं.

हातावर पुरीएवढा एक, असे रोट वाटले गेले. वना भिल्लाला गेला, जहांगीरच्या म्हाताऱ्या आईला गेला, आमच्या घराच्या मागे राहणाऱ्या चांभारांना गेला. माझ्या ओंजळीनं मोजलेले तेहतीस जणांचे गहू. मी सगळ्यांकडे पाठ करून बसले. दुपार गेली, संध्याकाळ झाली. पोटात काही नव्हतं, पण मान खाली घालायची नाही असं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदर माझ्यापुढे येऊन बसली. पानावर एक रोट.

"मी खाणार नाही."

"तुमच्या नावाची सव्वा ओंजळ यात आहे, आत्याबाई. तुम्हीच मोजली. तुम्ही नाही खाल्ला तर रोट उरला. उरला तर पुरावा लागेल. पुरायला कोरडी जमीन फक्त दर्ग्यातली आहे."

सांगा आता. आमचाच नियम माझ्याच पुढ्यात आणून ठेवला. आणि तोंडावर रेघ नाही हसण्याची. मी खाल्ला. गूळ नव्हता, तूप नव्हतं, एका बाजूनं कच्चा होता. असा गोड रोट मी जन्मात खाल्ला नाही. पण हे त्या दिवशी बोलायचं नव्हतं, म्हणून बोलले नाही. आज सांगते.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. आमची गल्ली म्हणजे चिखलाचं शेत झालं होतं. एकोणीस घरं बसली. मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. भिंत भिजली की धाब्याचं ओझं तिला पेलत नाही, सगळंच खाली येतं. आमच्या घराची मागची एक भिंत तेवढी उभी होती, तिच्यातल्या दिव्याच्या देवळीसकट. भिकुबाईचं जातं सापडलं, मी म्हटलंच होतं. माझा नारळ नाही सापडला. चौरंगाचा एक पाय सापडला.

त्या दिवसांत आमच्यासाठी कोणी कोणी काय केलं, ते मी विसरणार नाही. मी तोंडावर गोड बोलणारी नाही, म्हणून इथे मांडते. एरंडोलहून तीन गाड्या भाकरी आल्या. ज्या बायांनी त्या भाजल्या त्यांची तोंडंही आम्ही पाहिली नाहीत. भाकरीवर त्यांच्या बोटांचे ठसे होते तेवढे. कोणा व्यापाऱ्यानं बाजरीची पोती पाठवली, नाव सांगू नका म्हणून गाडीवानाला बजावलं होतं. पलीकडच्या गावच्या बाया खराटे आणि टोपल्या घेऊन आल्या, त्यांनी आमच्या विहिरीतला गाळ उपसला आणि घरी जाताना आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत, आमचं कमी होईल म्हणून. भुसावळला रेल्वेत असलेले आमच्या गावचे चौघे सुटी काढून फावडी घेऊन आले. लोक म्हणतात जग वाईट आहे. असेल. मला तरी त्या महिन्यात ते भेटलं नाही.

आठव्या दिवशी गिरधरभाऊ आले, माझे दीर. स्वच्छ धोतर, चिखलाला वरच्या वर धरलेलं. त्यांना सगळं आधीच कळलं होतं. उभ्यानंच बोलले.

"वहिनी, वाईट झालं. पण त्याहून वाईट ऐकलं. नारळ गेला, आपल्या आजोबांचा. रोट परक्या चुलीवर झाला आणि सगळ्या गावानं खाल्ला. आता आमच्या घरातलं कोणी तुमच्याकडे रोटाला बसायचं कसं?"

मी म्हटलं, "पूर आला होता, भाऊ."

"पूर सगळ्यांनाच येतो. नियम कोणी सोडत नाही. जिनं हे केलं तिला माहेरी पाठवा. मग भाऊबंद बसतील. नाही तर पुढच्या श्रावणात तुम्ही एकट्या."

तुम्हाला यात काय एवढं, असं वाटेल. माझ्यासाठी होतं. सदतीस वर्षं मी त्या घराची कानबाई बसवली. तेहतीस माणसं माझ्या हातचा रोट खात आली. त्या पंगतीच्या टोकाला मी वाढायला उभी राहिले की मला वाटायचं, आपण कोणी तरी आहोत. ती पंगत उठणार. आणि राग तर माझ्या मनात होताच. मी म्हटलं, "आता श्रावण-भादव्यात कुठे पाठवू? आखाजीला तिचा भाऊ न्यायला येईल, तेव्हा जाईल. परत बोलावणार नाही." आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी जायचा सण.

अभिमन फावडं टाकून माझ्याकडे बघत राहिला. सुंदर चिखलाची टोपली घेऊन जात होती. तिनं ऐकलं. थांबली नाही, टोपली उकिरड्यावर पालथी करून आली आणि दुसरी भरली. तेव्हा तरी रडली असती, पाया पडली असती, तर मी बदललेही असते. पण ती असोद्याची.

पाऊस संपला, दसरा गेला, आणि दिवाळीनंतर घरं उठवायला सुरुवात झाली. मातीची भिंत एकदम उभी करता येत नाही. गाळात भुसा घालून माती तुडवायची, हातभर उंच थर द्यायचा, दोन दिवस वाळू द्यायचा, मग वरचा. घाई केली की पोट सुटतं भिंतीला. गावानं मिळून ठरवलं की सगळ्यांनी एका दिवशी एकाच घरावर राबायचं, म्हणजे त्याचा थर वाळेपर्यंत दुसऱ्याचा होतो. आधी कोणाचं? जिच्याकडे बाळंतपण आहे तिचं, मग म्हाताऱ्यांचं.

मी सांगून ठेवलं होतं की आमचं घर आम्ही बांधू, आम्हाला कोणाचं ओशाळं व्हायचं नाही. पण एका सकाळी बाहेर येऊन पाहते तर जहांगीर आमच्या अंगणात धोतर खोचून माती तुडवतो आहे. मागे वना, चांभारांचे दोघे, भुसावळवाल्यांपैकी एक.

"जहांगीर, तुला कोणी बोलावलं?"

"कोणी नाही, अक्का. रोट खाल्ला तुमच्या घरचा. तो तर भाऊबंदच खातात म्हणे. मग आम्ही भाऊबंद झालो."

"भाऊबंद म्हणजे बांध कोरणारे. तू माझा कोणता बांध कोरतोस?"

"तुमच्याकडे आहे कुठे आता बांध? वाहून गेला. आधी तो घालून देतो, मग दरवर्षी थोडा थोडा कोरीन."

वना हसता हसता चिखलात बसला. मलाही हसू आलं, पण मी ते पदरात घेतलं.

त्या मातीत अकबरीही राबत होती. आमच्याच पडलेल्या भिंतींचा गाळ होता तो, तोच पुन्हा तुडवून लावायचा. मकरसंक्रांतीच्या सुमाराला असेल, ती माती तुडवता तुडवता "या अल्ला" म्हणून खाली बसली. टाचेतून रक्त. सुंदर धावली. तिला वाटलं बाभळीचा काटा. पाय मांडीवर घेऊन ओढून काढला तर काटा नव्हता. नथ होती. देवीची. फासा मी नीट केला होता तोच, मोती दोन गेलेले, सोनं जसंच्या तसं.

अकबरी एका पायावर लंगडत माझ्यापर्यंत आली. ओल्या हातानं नथ पुसायचा प्रयत्न करत होती, ती आणखी माखत होती. म्हणाली, "अक्का, माझ्या पायाखाली आली. मुद्दाम नाही हो."

भिकुबाई अजून सांगत फिरते की मंजुळेचं तोंड त्या दिवशी एकदाच बंद पडलं होतं. मी अकबरीला उंबऱ्याच्या दगडावर बसवलं, तिची टाच धुतली, हळद भरली, माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. ती "नको नको अक्का" म्हणत होती. मी म्हटलं, "गप बस." एवढंच बोलले.

भिंती झाल्या. धाब्याला तुळई पाहिजे होती. आमची जुनी सागवानी तुळई पुरानं कुठे नेली, ती तिलाच माहीत. गिरधरभाऊंच्या वखारीच्या मागे दोन सागाच्या तुळया पडून आहेत, हे मला ठाऊक होतं. अभिमनला पाठवलं. तो रिकाम्या हातानं आला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, सुंदर गेली की बघू."

त्या दिवशी मी जेवले, पण घास कुठे गेला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडीचा आवाज आला. भिकुबाईच्या दारातला कडुनिंब. तुम्हाला ठाऊक नाही या झाडाचं. वीस वर्षं आम्ही दोघी त्याच्यावरून भांडलो. पाला माझ्या अंगणात पडायचा, सावली तिच्या. मी म्हणायची फांदी तोड, ती म्हणायची माझ्या नवऱ्यानं लावलेलं झाड, पानालासुद्धा हात लावू देणार नाही. आखाजीला पोरींचा झोका त्याच झाडाला. तेच झाड ती तोडायला लावत होती, आणि स्वतः कमरेवर हात ठेवून उभी होती.

"भिकू! काय चालवलंय?"

"तुळई. सरळ आहे खोड, बघ. फाल्गुनापर्यंत वाळेल."

"तुझ्या नवऱ्याचं झाड ग."

"मग काय झालं? तुझ्याच घरात राहील. आता पाला पडणार नाही तुझ्या अंगणात, झालं समाधान?"

"आणि मी भांडू कशावरून?"

"त्याची काळजी तू करू नकोस," ती म्हणाली. "तुला सापडेल काहीतरी."

फाल्गुनात तुळई चढली, वर आडव्या लाकडी कड्या, कड्यांवर काटक्या आणि निंबाचा पाला, आणि त्यावर खाऱ्या मातीचा थर. आणि आमच्या ओसरीवर पुढे आलेली ती कडुनिंबाची जाड तुळई. आखाजी आली तेव्हा गल्लीतल्या पोरी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. झाड नाही, झोका कुठे बांधायचा? भिकुबाई म्हणाली, "झाड तिच्या घरात आहे, तिला विचारा." अशा रीतीनं गावचा झोका माझ्या ओसरीत आला. दिवसभर गाणी, दिवसभर कुईकुई. तुळई हलली नाही.

आणि त्याच आखाजीला सुंदरचा भाऊ पुना गाडी घेऊन आला, बहिणीला न्यायला. गिरधरभाऊही आले होते. पितरांच्या नावानं घागर भरायची असते, तेवढं निमित्त. खरं निमित्त मला कळत होतं. ओसरीच्या कडेला बसून ते झोक्याकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते.

सुंदर बाहेर आली. गाठोडं लहान होतं. कमल कडेवर. सगळ्या घराला सारवून, चूल पोतारून निघाली होती. माझ्या पाया पडली. अभिमन बैलांच्या जुवाशी उगाच काही तरी करत उभा होता. मला माहीत होतं तो डोळे लपवतो आहे.

गिरधरभाऊ म्हणाले, "चला, बरं झालं, वहिनी. श्रावणात आम्ही सगळे येतो मग."

झोक्यावरच्या पोरी गाणं थांबवून बघू लागल्या. जहांगीर धाब्यावर होता, शेवटच्या कोपऱ्याला माती लावत, तोही थांबला. अकबरी दाराशी उभी होती, टाचेवरची खूण अजून गेली नव्हती. भिकुबाई तर होतीच, ती कुठे नसते?

सुंदर गाडीत चढायला गेली. मी हाक मारली.

"सुंदर, थांब. सगळ्यांसमोर सांगते, नंतर भिकूनं वेगळं सांगायला नको. देवी सोडलीस ती चूकच, मी मरेपर्यंत म्हणेन. माझा नारळ गेला. पण देवीला स्वतःची वाट ठाऊक होती, नथ तिनं अकबरीच्या पायानं घरी पाठवली. पिठाला वाट ठाऊक नव्हती, ते तू नेलंस. टेकाडावर मी पाठ करून बसले होते, ती माझी चूक. ती मी आज पहिल्यांदा बोलते, पुन्हा बोलायला लावू नकोस. नारळ नवा आणू, एरंडोलच्या बाजारात ढीग आहेत. कानबाई बसायच्या आठ दिवस आधी परत ये. गहू मोजायला या वर्षी मी बसणार नाही, तू बसायचंस, तुझ्या ओंजळीनं. तेहतीस नाही, टेकाडावर होते तेवढ्या सगळ्यांच्या नावाचे. गिरधरभाऊंच्या घराचेही मोज. आले तर खातील, नाही आले तर भिकू दोन खाईल. घर बुडवशील म्हणत होते मी तुला. बघ वर, उभं आहे. जा आता, बैल ताटकळलेत. आणि उशीर केलास तर मी स्वतः असोद्याला येऊन तुझ्या आईसमोर बोलेन."